काचेवरच्या कागदी पट्ट्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे एक-दोघांनी विचारलंही, "सर, ब्लॉग बंद केलात का?" बंद नाही, निव्वळ आळस. शिवाय हा विषय गेले कित्येक दिवस डोक्यात घोळत होता आणि त्यात थोडी स्वतःचीच लाज निघणार होती, म्हणून टाळत होतो. ठाण्याचे दादा-वहिनी हे वाचतीलच. दादा, तुझ्या आठवणीशी काही जुळलं नाही तर फोन कर, पण वहिनींसमोर मला खोटं पाडू नकोस.

सुरुवात झाली ७ मे २०२५ला. त्या दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल होती. ती आदल्या दोन दिवसांतच जाहीर झाली होती. २४४ जिल्ह्यांची यादी, त्यात आपलं ठाणे. टीव्हीवाले सांगत होते की १९७१नंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच होतंय. नात सुट्टीत आमच्याकडे डोंबिवलीला आलेली. आजी-आजोबा आणि ती, तिघं कान लावून गॅलरीत बसलो. दादाचा ठाण्याहून फोन, "वाजला का रे भोंगा तुमच्याकडे?" आमच्या गल्लीत तरी काही ऐकू आलं नाही. कुल्फीवाला तेवढा येऊन गेला. :)

"आबा, तुमच्या लहानपणी खरंच भोंगा वाजायचा?" नातीने विचारलं. ती पाचवीत जाणार होती. आणि १९७१च्या डिसेंबरात मीही पाचवीतच होतो.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आसपास चाळी, थोडे बंगले, आणि पलीकडे शेतं. पण आजूबाजूला महत्त्वाच्या जागा भरपूर. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस, जिथून रेल्वेला वीज जायची. कल्याण जंक्शन. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी. मोठी माणसं ओट्यावर बसून ही यादी अशा सुरात म्हणायची की बॉम्ब नेमका आपल्याच चाळीवर पडणार ह्याबद्दल आम्हा पोरांना शंकाच उरू नये. रात्री दिव्यांना तपकिरी कागदाच्या टोप्या, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. आणि शाळेत काचांवर पट्ट्या.

ह्या पट्ट्यांचं काम आमच्या ड्रिलच्या सरांनी अंगावर घेतलं होतं. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, घरून आणलेली कणकेची खळ लावायची आणि प्रत्येक तावदानावर फुलीच्या आकारात चिकटवायच्या. आम्हाला वाटायचं, वरून विमानाला दिसू नये म्हणून. सरांनी तो गैरसमज काढला. त्यांनी एक फुटकी काच आणली, तिला पट्टी चिकटवली आणि मैदानात सगळ्यांना लांब उभं करून तिच्यावर दगड मारला. काच तडकली, पण तुकडे कागदाला धरून राहिले. मग बिनपट्टीची काच फोडली. तिचे तुकडे कुठवर उडाले ते आम्हाला पावलांनी मोजायला लावलं. बॉम्ब जिथे पडतो तिथली माणसं बॉम्बने मरतात, पण लांबची माणसं काचेने जखमी होतात, असं काहीसं सर म्हणाले होते. खिडकीपासून लांब, जमिनीवर पालथं, कोपरं टेकवून, कान झाकून, दातात रुमाल. हे सगळं आजही मला करता येतं (गुडघे सोडून).

हे सर शाळेत कुठून आले, ते मला खूप नंतर कळलं, आणि ती गोष्ट मला फार आवडते. आझाद हिंद सेनेतले एक वरिष्ठ अधिकारी होते, जनरल जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार, आईबाप गमावलेली मुलं दिल्लीच्या निर्वासित संस्थांमधून वाढत होती. त्यांना वळण कसं लावायचं, हा प्रश्न होता. १९५४ साली भोसल्यांनी तिथल्या कस्तुरबा निकेतनमध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, सामुदायिक गाणी, स्वच्छता, एकमेकांची काळजी. बंदूक नाही. (निर्वासित म्हटलं की आपल्याला लांब जायला नको. आपलं उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. १९४७नंतर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं.) ही योजना नंतर साध्या शाळांमध्येही गेली. दुसऱ्या बाजूला एनसीसी होतीच. तिचा कायदा १९४८चा. १९६२ला चीनकडून मार खाल्ल्यावर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, आणि ती सक्ती पाच-सहा वर्षांत सुटलीही. शिस्त योजना १९६५ साली नॅशनल फिटनेस कोअरमध्ये विलीन केली गेली. आमचे सर त्यातले. सत्तरच्या दशकात केंद्राने ह्या शिक्षकांना राज्यांकडे सोपवलं आणि ते हळूहळू पीटीचे सर झाले. लंगडी, लेझीम, आणि २६ जानेवारीचं संचलन.

लढाई संपली. जानेवारीत आम्हीच ओल्या फडक्याने आणि ब्लेडने त्या पट्ट्या खरवडून काढल्या. खळ इतकी घट्ट बसलेली की काही काचांवर तिचे डाग मी दहावी होईपर्यंत होते.

मी पुढे शिक्षक झालो, विज्ञान आणि भूगोल. त्यामुळे त्यानंतरचा इतिहास मी वर्गाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला. तो थोडक्यात सांगायचा तर, प्रत्येक वेळी आधी संकट आलं आणि मग धडा आला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आपल्या राज्यात आपत्ती व्यवस्थापन हा शब्द सरकारी कागदांवर रुळला. मग २६ जानेवारी २००१ला भूज.

त्या भूजच्या भूकंपातलं एक प्रकरण मी कधी विसरू शकलो नाही. अंजार गावात सकाळी शाळांची प्रजासत्ताक दिनाची फेरी निघाली होती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी जुनी घरं. पावणेनऊच्या सुमारास धरणी हलली आणि दोन्हीकडची घरं मुलांवर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. ओळीने, पाय जुळवून चाललेली मुलं. आम्ही शिक्षकांनी त्या दिवशी सकाळी तीच फेरी डोंबिवलीत काढली होती. शिस्त आणि तयारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या बातमीने शिकवलं. आपल्या शाळांनी मात्र पहिलीलाच दुसरी समजून पन्नास वर्षं काढली, असं माझं मत आहे.

त्यानंतर सीबीएसईने २००३पासून आठवीला आपत्ती व्यवस्थापन आणलं. २००४च्या जुलैत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं गेली, आणि त्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल आदेश दिले. २००५च्या २६ जुलैबद्दल तर मी काय सांगू, प्रत्येकाकडे आपापली गोष्ट आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि इकडे उल्हास नदी कल्याण-बदलापूरच्या घरांत. पण त्या आठवड्यातली मला सगळ्यात बोचलेली घटना पावसाची नव्हती. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत कुणीतरी धरण फुटलं, त्सुनामी आली अशी आवई उठवली, आणि चेंगराचेंगरीत पंधराहून जास्त माणसं मेली. तिथे पाणी आलंच नव्हतं. बातमी खरी की खोटी हे ठरवायचं कसं, हा धडा आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. २००५च्या अखेरीला आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला.

सुरक्षेचं शिक्षण म्हणाल, तर ते आपल्याला शाळेने नाही, रेल्वेने दिलं. १३ मार्च २००३ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट, ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेवर सात. तेव्हापासून बेवारस वस्तूला हात लावू नका हे वाक्य आपल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

आता लाजेची गोष्ट.

२६ मे २०१६. दुपारचे पावणेबारा. एमआयडीसी फेज दोनमधल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. मी घरात पेपर वाचत होतो. आधी जमीन हलल्यासारखं वाटलं, मग आवाज. आणि मी काय केलं असेल? विज्ञानाचा शिक्षक, १९७१चा पट्ट्यावाला विद्यार्थी... मी उठून खिडकीकडे धावलो. आमच्या काचा नशिबाने राहिल्या. पण दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरपर्यंत काचा फुटल्या होत्या. डझनभर माणसं गेली, दोनशेच्या आसपास जखमी. संध्याकाळी एका ओळखीच्यांना बघायला दवाखान्यात गेलो, तर बाकांवर ओळीने बसलेली माणसं, कपाळाला, हाताला, मानेला पट्ट्या बांधलेली. बऱ्याच जणांना काच लागलेली. मला एकदम ती मैदानातली फुटकी काच आठवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मला हे सगळं शिकवलेलं होतं. मी दर वर्षी प्रकाश आणि ध्वनीचा वेग शिकवत होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो, शंभर वेळा फळ्यावर लिहिलं असेल. म्हणजे किलोमीटरभर लांब काही चमकलं तर तीन सेकंद हातात आहेत, बाकाखाली जायला तेवढे पुरतात, हे वाक्य एकदाही वर्गात बोललो नव्हतो.

आणि त्यानंतरही बोललो नाही. हे जास्त वाईट.

२०१८ साली दहावीचा नवा अभ्यासक्रम आला. विज्ञान भाग २च्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापन हा धडा, दहावा आणि शेवटचा. शिवाय संरक्षणशास्त्र नावाचा श्रेणी विषय. ज्याने एनसीसी, एमसीसी, स्काऊट-गाईड किंवा आरएसपी घेतलंय त्याने ते करायचं, बाकीच्यांनी हा. श्रेणी विषय म्हणजे काय, ते शिक्षक मंडळी जाणतात. ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, माझ्या गळ्यात पडला. मी त्या तासाला काय केलं? विज्ञानाचा राहिलेला पोर्शन घेतला. मुलांना प्रकल्प-वही करायला सांगितली. तिच्यात सगळ्यांनी एकाच दुकानातून आणलेली रणगाड्यांची चित्रं चिकटवली आणि मी सगळ्यांना अ श्रेणी दिली. विज्ञानाचा तो शेवटचा धडा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकला. आराखडा काढा, टिपा लिहा. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरून कारखान्याची चिमणी दिसत होती. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्याच काचा फुटल्या होत्या. त्यांच्याकडून मी "मानवनिर्मित आपत्तीची दोन उदाहरणे द्या" लिहून घेतलं आणि एका मुलीने भोपाळ आणि चेर्नोबिल लिहिलं. मी पूर्ण गुण दिले.

२३ मे २०२४ला परत तेच. तोच फेज दोन, दुपारी दीडनंतर, पुन्हा दहाहून जास्त जीव गेले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि नंतर झोप लागेना. २०१६चा स्फोट मेमध्ये, २०२४चाही मेमध्ये. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. एमआयडीसीच्या निवासी भागात आणि आसपास किती शाळा आहेत ते मोजा. जूनमधला मंगळवार असता, साडेअकराची वेळ असती, सकाळची शाळा सुटतेय आणि दुपारची भरतेय... आपण फक्त कॅलेंडरमुळे वाचलोय.

मागे रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराबद्दल वाचलं. १५ फेब्रुवारी २०१३ला तिथे आकाशात उल्का फुटली. आधी डोळे दिपवणारा प्रकाश, आणि दणका दोनेक मिनिटांनी. मधल्या वेळात माणसं बघायला खिडक्यांशी गेली. दीड हजाराच्या आसपास जखमी, बहुतेक काचांनी. युलिया कारबिशेवा नावाच्या चौथीच्या बाईंना हे काय आहे ते कळलं नव्हतं. पण प्रकाश दिसताच त्यांनी ४४ मुलांना बाकाखाली जायला सांगितलं, शीतयुद्धाच्या काळात शाळांतून शिकवायचे तसं. मुलांना ओरखडा नाही, बाईंचा हात मात्र काचेने कापला. त्यांच्यावर बॉम्ब कधी पडला नाही. बॉम्बसाठी शिकवलेलं उल्केला कामी आलं. आम्हाला पाकिस्तानी विमानांसाठी शिकवलेलं रसायनांच्या स्फोटाला कामी आलं असतं. कुणी चालू ठेवलं असतं तर. मुंबईनेही हे बघितलेलं आहे. १४ एप्रिल १९४४ला गोदीतल्या जहाजाला लागलेली आग दोन तास पेटत होती, बघ्यांची गर्दी जमली होती, आणि चारनंतर स्फोट झाला. आपला अग्निशमन सेवा दिन त्यावरूनच १४ एप्रिल. शाळेतल्या किती जणांना माहीत होतं म्हणता? मला नव्हतं.

भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांचे नियम झाले. मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी जिल्हा पातळीवर कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा हवा, आणि आसपास राहणाऱ्यांना धोका काय आणि अपघात झाला तर काय करायचं हे आधी सांगितलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. छत्तीस वर्षं होऊन गेली. आमच्या घरी अजून कुणी सांगायला आलेलं नाही. हिरवा पाऊस (२०१४) आणि गुलाबी रस्ता (२०२०) मात्र आम्ही न सांगता बघितला.

२०२५च्या जूनमध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक सैनिकी शिक्षण द्यायची घोषणा केली. माजी सैनिकांची मदत घेणार म्हणाले. माजी सैनिक आले तर मला आनंदच आहे, आमचे सर तसेच होते. पण पुन्हा ओळी, सावधान-विश्राम आणि रणगाड्यांची चित्रं असतील, तर मी ते एकदा करून बसलोय. गडचिरोलीच्या मुलाला सापाचं शिकवा, किल्लारीच्या मुलाला भिंतीचं, आणि आमच्या पोरांना काचेचं, वायूचं, वालधुनीच्या पाण्याचं आणि लोकलच्या दाराचं. एकाच पुस्तकात ते मावणार नाही, आणि मावलं तर परीक्षेत येईल.

मॉक ड्रिलच्या दुसऱ्या दिवशी नात आणि मी खळ शिजवली. पट्ट्या कापल्या, एका खिडकीला लावल्या. सौ. म्हणाली, "घाण दिसतंय, काढा." काढल्या. त्याऐवजी नातीचं अभ्यासाचं टेबल खिडकीपासून आत सरकवलं. उजेड कमी पडतो म्हणून आता तिची कुरकुर.

आणि एक काम केलं. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केला, मला एक तास द्याल का म्हणून. ते म्हणाले, "सर, तास कुठला देऊ? शनिवारी एक ऑफ आहे, त्याला या." गेलो. पन्नासेक मुलं. घरून चिमणी दिसणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं, वर्गाच्या अर्ध्याहून जास्त हात वर. मग काच फोडून दाखवली (पोत्यात गुंडाळून, हल्ली मैदानात दगड मारला तर पालक येतील). बाकाखाली शिरायचा सराव केला, हसून हसून लोळली पोरं. वायू सुटला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं, ओलं फडकं नाकातोंडावर, हे सांगितलं. वारा कुठून येतोय ते बघायला झाडं, झेंडा, चिमणीचा धूर बघा म्हटलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, रात्री लाईट गेलेले असले तर वारा कुठून येतोय ते कसं कळणार?"

मी ओल्या बोटाचं सांगितलं. तो म्हणाला, आमच्या चाळीत दोन भिंतींच्या मधे वारा लागतच नाही. बरोबर होतं त्याचं. पुढच्या शनिवारी सांगतो म्हणून आलोय. उदबत्तीचा विचार केला होता, पण वायू सुटलेला असताना काडी ओढायला मुलांना कसं सांगणार? तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.